पाचरीच्या खुर्च्या

४ फेब्रुवारी

वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. चोवीस तारखेला त्या येणार, सोबत समितीतले एक काका. वर्षभर वापरलेल्या आपल्या खुर्च्या त्या आठवडाभरात परत पाठवतील. मी त्यांच्यासमोर खुर्च्या उघडायच्या, झिजलेला भाग काढायचा, दुसरा घालायचा आणि पुन्हा जोडून दाखवायच्या.

"तुम्ही म्हणालात तसं झालं तर नव्या इमारतीतलं सगळं फर्निचर तुमचं," बाई म्हणाल्या. "नाही झालं तर आपण चहा पिऊ आणि मी दुसरीकडे बघेन. चालेल?"

चालेल म्हटलं. 

दादाला सांगितलं. त्याने नुसती मान हलवून कॅलेंडरवर चोवीसला गोल केला. मग म्हणाला, "चिमे, त्या दिवसापर्यंत मी थांबतो. नंतर नाही." दादाला भुसा दाबून फळ्या करणाऱ्या कंपनीला हो म्हणायचंय. त्यांना आपली जागा गोदामाला हवी आहे. मिस्त्री आणि बाकीच्यांना माल उतरवायला ठेवून घेऊ म्हणतात. मिस्त्रींना! ज्यांनी रंधा फिरवला की लाकूड आरशासारखं दिसतं त्यांना.

दादा वाईट नाही. तो दमलाय. मला माहीत आहे की तीन वर्षं तो माझा हट्ट पुरवतो आहे. खुर्ची विकायची नाही, वापरायला द्यायची, झिजली की आपणच घरी आणायची आणि तिच्याच लाकडातून पुन्हा उभी करायची, हा माझा हट्ट. त्यासाठी सांध्यात गम नाही, खिळा नाही. खाच आणि पाचर, बस्स. पाचर उलट्या बाजूने ठोकली की खुर्ची सुटी होऊन हातात येते. एक पाय मोडला म्हणून अख्खी खुर्ची भंगारात जायला नको.

बोलायला सोपं आहे.

६ फेब्रुवारी

आज दवाखान्यासाठीची स्टुलं तयार झाली. मी प्रत्येक उघडून, जोडून पाहिलं. मग नेहमीप्रमाणे बाबांकडे पुसायला दिलं. हात थरथर कापायला लागल्यापासून बाबांना करवत धरवत नाही. पण माल बाहेर जायच्या आधी त्यावरून शेवटचं फडकं फिरवायचं काम मी त्यांच्याकडे ठेवलंय. त्यांना बरं वाटतं. दुपारी सगळे जेवायला वर घरी येतात तेव्हा ते एकटे खाली बसतात. "तुम्ही जा, मी आहे," म्हणतात. त्यांचं जेवण मी नंतर झाकून ठेवते.

संध्याकाळी त्यांचा सदरा धुवायला घेतला तर उजवी बाही पुठ्ठ्यासारखी कडक. पॉलिश सांडलं असेल. गरम पाण्यात भिजत घातला.

गम संपत आलाय. नवा डबा परवाच फोडला होता. दुरुस्तीच्या कपाटांना एवढा लागतो का? मिस्त्रींना विचारलं तर त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "लागतो, ताई." या माणसाच्या पोटातून शब्द काढायचा म्हणजे सांडशी हवी.

९ फेब्रुवारी

जेवताना वहिनी सुटली होती. "पूर्वी लोक खुर्ची मिळावी म्हणून भांडायचे. आमच्या घरात खुर्ची परत यावी म्हणून देव पाण्यात." मी हसले. दादा हसला नाही. वहिनी पुढे म्हणाली, "वन्सं, खुर्च्या तुमच्या सुट्या होतील हो. या घरातली माणसं तेवढी एकमेकांना चिकटलेली. त्यांना कुठल्या पाचरीने काढायचं?"

ती मला वन्सं म्हणते तेव्हा तिला काहीतरी दुसरंच म्हणायचं असतं. तिच्या भावाच्या गावी त्यांना घर बघायचं आहे. मुलं मोठी झाली. कारखान्याच्या डोक्यावर राहून तिच्या केसांत आयुष्यभर भुसा. मी लग्न मोडून या घरात आले तेव्हा माझ्या अंगावर पांघरूण घालणारी हीच होती, हे मी विसरत नाही. म्हणून तिचा राग येत नाही. आला तरी टिकत नाही.

बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

११ फेब्रुवारी

खुर्च्या आल्या.

टेंपो दारात लागला तेव्हा मला धावत जाऊन मिठी मारावीशी वाटली. पाठींना मुलांच्या डोक्याचं तेल लागून काळपट चकाकी आलेली. एकीच्या बुडाखाली कोणीतरी पेनाने मोटार काढलीय. एकीचा पाय कुत्र्याने की कशाने कुरतडलाय. मला हव्या होत्या तशाच, वापरलेल्या, जगून आलेल्या.

"बाबा, बघा तरी," मी हाक मारली. ते आतल्या दारात उभे होते. चेहरा असा की कोणाच्या मयताला आलेत. "सगळ्याच आल्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याच. करारच तसा आहे ना."

ते वर निघून गेले. कठड्याला धरून.

मिस्त्री म्हणाले, "ताई, आज राहू द्या. आज टेबलाचं बघू." मी ऐकलं नाही. कुरतडलेल्या पायाची खुर्ची आडवी घातली, पाचरीवर उलट्या बाजूने ठोकलं. एकदा, दोनदा. पाचर हलली नाही. दमट हवेने फुगली असेल म्हणून जोरात ठोकलं. पाचर तुटली. सांधा तसाच.

खाचेच्या कडेला नख घातलं. नखाखाली पांढरं, कडक काहीतरी आलं.

१२ फेब्रुवारी

सगळ्या. एकही सुटत नाही.

गेल्या वर्षी पाठवण्याआधी प्रत्येक खुर्ची मी या हातांनी उघडून बघितली होती. म्हणजे माझ्यानंतर, टेंपोत चढण्याआधी, कोणीतरी सांधे पुन्हा सोडवले, गम भरला आणि बसवले. इतकं सफाईदार की बाहेरून रेघ दिसत नाही. असं काम या कारखान्यात एकाच माणसाला जमतं. आणि त्याच माणसाने पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं, "ताई, बिनगमाची खुर्ची म्हणजे बिनबटनाचा सदरा."

मी मिस्त्रींना सगळ्यांसमोर विचारलं. बाजूला न्यायला हवं होतं. पण माझा तोल गेला होता.

"तुम्ही केलंत?"

त्यांनी हातातली पटाशी पुसायला घेतली.

"माझ्यावर विश्वास नव्हता तर तोंडावर सांगायचं. पाठीमागून असं? चोवीसला मी काय दाखवू त्यांना? तुमच्या लोकांची पोटं आहेत यावर, माझ्या एकटीचं नाही."

ते पुसतच होते. पुसून झाल्यावर खोक्यात ठेवली. "चुकलं असेल माझंच," म्हणाले. असेल! मग जेवणाचा डबा उचलला, दारात बाबा बसले होते त्यांच्यासमोर क्षणभर थांबले आणि गेले. बाबांनी मान वर केली नाही. त्यांनाही धक्का बसला असणार. हाताखाली वाढवलेला माणूस.

दुपारभर यंत्रं बंद. असली शांतता मला या जागेत आवडत नाही. गोदामातल्यासारखी.

१३ फेब्रुवारी

दादाने युक्ती सांगितली. नव्या खुर्च्या करायच्या, हुबेहूब. चोवीसला त्या उघडून दाखवायच्या. जुन्या मागच्या खोलीत. "बाईंना काय कळतंय कुठली कुठली."

"आणि हे खोटं नाही?"

"तुझी पद्धत खोटी आहे का? गम नसता तर सुटल्याच असत्या ना? मग? जे खरं आहे तेच दाखवतोय, फक्त दुसऱ्या खुर्चीवर."

दादाला कारखाना विकायचाय आणि तोच मला वाचायची वाट दाखवतोय. हा माणूस मला चाळीस वर्षांत कळला नाही.

मी हो म्हटलं. इथे लिहून ठेवते. लगेच हो म्हटलं, विचार नंतर केला.

१५ फेब्रुवारी

मिस्त्रींशिवाय काम म्हणजे उजव्या हाताशिवाय वेणी. खाच तिरकी जाते, पाचर ढिली बसते. दोन पाय वाया घालवले. मग बाबा खाली आले, माझ्या हातातली पट्टी घेतली आणि लाकडावर रेघ मारली. रेघ थरथरली, पण होती अगदी जागेवर. मी कापायचं, ते दाखवणार. "घाई करू नकोस. लाकडाला घाई कळते." किती दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा ऐकला!

जेवायच्या वेळी म्हणाले, "जा तू. झालेल्या मी पुसतो."

१७ फेब्रुवारी

आज बाबांनी शीळ घातली. खरंच. वहिनी वरून डोकावून बघून गेली.

संकटातही काही चांगलं निघतं ते असं. मिस्त्रींचा राग अजून आहेच, पण त्यांच्या जाण्याने बाबांना त्यांची जागा परत मिळाली. मी खुर्ची जोडते, उघडून बघते, पुन्हा जोडते, त्यांच्याकडे सरकवते. ते दुपारच्या शांततेत एकेक पुसून भिंतीशी ओळीने लावतात.

संध्याकाळी मागच्या खोलीत गेले तर दादा नव्या खुर्चीच्या बुडाखाली पेनाने मोटार काढत होता. जुनी शेजारी ठेवून, बघून बघून. जीभ बाहेर.

वहिनी दारात, माझ्याकडे बघून म्हणाली, "शाळेत बाकावर हेच करायचा ना? तेव्हा मार खाल्ला, आता बक्षीस मिळणार."

"चाकं गोल येत नाहीत," दादा म्हणाला.

आम्ही तिघं पोट धरून हसलो. मग मी वर येऊन मोरीत तोंड धुतलं आणि आरशात बघवेना. त्या मुलाने काढलेली मोटार. तीसुद्धा आम्ही चोरली.

१९ फेब्रुवारी

 नीट लिहिता येईल असं नाही.

जेवायला वर गेले, चष्मा खाली राहिला म्हणून परतले. मागच्या दाराने, अनवाणी. बाबा खिडकीशी. समोर खुर्ची सुटी केलेली. मांडीवर गमचा डबा. ब्रशने ते खाचेच्या आत गम लावत होते, कडेला थेंब येऊ न देता, तान्ह्या बाळाला काजळ घालावं तसं. आणि त्यांचा हात कापत नव्हता. अजिबात.

मी तिथेच उभी. सदऱ्याची बाही. संपणारा डबा. "तुम्ही जा, मी आहे." मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघणं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी गरम पाण्यात भिजत घातलं.

"बाबा."

ते दचकले नाहीत. पाय खाचेत बसवला, पाचर ठोकली, मग ब्रश खाली ठेवला.

"सगळ्यांना लावलात?"

"ही शेवटची."

"तुम्हाला माहीत आहे ना चोवीसला काय आहे? ही सुटली नाही तर सगळं जाईल. दादा जागा देऊन टाकेल."

"सुटली तर कोणाचं नाव जाईल?" ते म्हणाले. "पोरं झोके घेतात खुर्चीवर. एखादं पडलं, डोकं फुटलं तर म्हणतील, बाई होती ना ती, तिने केली होती."

"झोके घेतले तरी पाचर घट्टच होते. तुम्हीच शिकवलंय मला ते."

"माहीत आहे."

"मग?"

ते बोटावरचा सुकलेला गम सोलत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "या दारातून गेलेलं माझं काही कधी परत आलं नाही. एक नग नाही. तू तेवढी आलीस. तेव्हा लोक काय काय बोलले ते मी इथे बसून ऐकलंय. कामात कसर राहिली म्हणाले. बापाच्या." डब्याचं झाकण लावत म्हणाले, "तू दिसशील तिथे सांगत सुटतेस, माझ्या खुर्च्या परत येणार. मला ते ऐकवत नाही, चिमे."

  मी ब्रश उचलला आणि पाण्याच्या बादलीत टाकला, नाहीतर केस कडक होतात.

२० फेब्रुवारी

सकाळी मिस्त्रींच्या घरी गेले. ते दारात पाट दुरुस्त करत होते, मांडीत धरून. त्यांच्या बायकोने मला खुर्ची दिली. आमच्याच कारखान्यातली, जुनी, बाबांच्या हातची. बसवेना मला.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या खेपेपासून."

"मग मला सांगायचं होतं ना मिस्त्री! मी तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांचं पुसायचं कामसुद्धा काढून घेतलं असतं," ते म्हणाले. "त्यांच्या हातातून ब्रश काढायचा तो मी नाही, ताई. माझ्या हातात करवत त्यांनी दिली."

मी माफी मागितली. त्यांची बायको आतून म्हणाली, "घरात बसून डोकं खातोय आमचं. घेऊन जा एकदाचा."

वाटेत मिस्त्री पहिल्यांदाच स्वतःहून बोलले. "गम सुटत नाही. पण कापता येतो." मी म्हटलं, "कापला तर पाय आखूड होतील." "होतील."  गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत दोघांच्याही डोक्यात एक बुटकी खुर्ची उभी राहिली होती बहुतेक.

२२ फेब्रुवारी

दादाशी भांडण. मिस्त्री आलेत तर दोन दिवसांत चार-दोन खुर्च्या बिनगमाच्या होतील, त्याच दाखव, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. वाचनालयातून आल्या त्याच दाखवणार.

"त्या सुटत नाहीत!"

"हो."

"मग काय दाखवणार, कपाळ?"

"ते सांगेन बाईंना. सुटत नाहीत म्हणून."

"आणि कोणी केलं म्हणून विचारलं तर? बाबांना उभं करणार तिथे? या वयात?" त्याचा आवाज चिरकला. तेव्हा कळलं की त्यालाही माहीत झालंय. वहिनीने पाहिलं असणार, ती सगळं बघते. "तुझ्या तत्त्वापायी त्यांची शोभा झाली ना चिमे, तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नाव मी माझं सांगेन. आमच्याकडून गम लागला, एवढंच."

त्याने हात जोडले, म्हणजे संपलं. मलाही कळत नाही की मी हे बरोबर करतेय की नुसती अडून बसलेय. गमाच्या सांध्यांपाशी सगळे तुकडे कापून मिस्त्रींनी आणि मी एक खुर्ची पुन्हा उभी केली. आखूड पाय, अरुंद बैठक. सुटते, बसते. पण ती मोठ्या माणसाची खुर्ची राहिलेली नाही. बाईंनी वाचनाच्या दालनासाठी मागितल्यात आणि मी त्यांच्यापुढे ही बुटकी ठेवणार. बाबा वरच आहेत. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणतात.

२४ फेब्रुवारी

झालं. क्रमाने लिहिते.

बाई वेळेवर आल्या. सोबतचे काका जाडजूड, प्रत्येक वस्तूवर बसून बघणारे. मी जुन्या खुर्च्या मध्ये मांडल्या होत्या. नव्या, दादाच्या मोटारीसकट, मागे बंद.

"करा सुरू," काका म्हणाले.

"या उघडणार नाहीत," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच. "सांध्यात गम गेलाय. आमच्याकडून. मी बोलले तसं झालेलं नाही."

काकांनी बाईंकडे बघितलं. "मग आपण आलो कशाला?"

बाईंनी चष्मा काढला. "गम कसा गेला? तुम्ही तर म्हणाला होतात, कारखान्यात सांध्याजवळ गम जाऊच देत नाही."

मी तोंड उघडलं. दादा माझ्याकडे रोखून बघत होता. तेवढ्यात जिन्याकडून आवाज आला, "मी लावला."

बाबा. धुतलेला सदरा, केस विंचरलेले. एका हाताने कठडा धरून उभे. "हिला माहीत नव्हतं. माझ्या मुलीला. मिस्त्रीलाही बोल लावू नका."

 दादाने डोळे मिटले.

"का लावलात?" बाईंनी विचारलं. मास्तरीणबाईसारख्याच त्या, गप्प बसवत नाही.

"पडू नयेत म्हणून."

"पडल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "ते मी सांगू शकते. आमच्याकडची पोरं म्हणजे माकडं आहेत. एकही डगमगली नाही." मग माझ्याकडे वळल्या. "पण मला न डगमगणारी खुर्ची कुठेही मिळते. मला दुरुस्त होणारी हवी होती."

मी मिस्त्रींना खूण केली. त्यांनी बुटकी खुर्ची आणली. मी सांगितलं, ही तुमच्यातलीच आहे, सांधे कापून काढले, उरलेल्या लाकडाला नव्या खाचा पाडल्या. पाचर ठोकली, खुर्ची सुटी झाली. जोडली. काका बसले. गुडघे कानाशी. "मी काय पाळणाघरात जाऊ?" म्हणाले, पण उठायच्या आधी दोन झोके घेऊन बघितले.

"पुढच्या वर्षी परत केल्या तर आणखी बुटक्या करणार?" बाईंचा प्रश्न.

"नाही. गम नसेल तर कापावं लागत नाही. एवढ्याच राहतील."

"आणि गम नसेल याची खात्री काय?"

 मी मान खाली घातली. आणि बाबा जिना उतरून आले. टेबलावरची करवत उचलली, एक जुनी खुर्ची आडवी केली, खुर्चीचा पाय आपल्या पायाखाली दाबला. मिस्त्री पेन्सिल घेऊन धावले, रेघ मारली. बाबांचा हात थरथरत होता, आज खूपच. पहिले दोन काप रेघेबाहेर गेले. मी पुढे होणार तोच मिस्त्रींनी मला अडवलं. तिसऱ्याला करवत रेघेत बसली. त्यांनी तो सांधा कापला. मग दुसरा. घाम सदऱ्यातून फुटला तरी थांबले नाहीत. चौथा तुकडा खाली पडल्यावर त्यांनी तो उचलला, त्यातली पांढरी रेघ बोटाने पुसली, आणि बाईंच्या हातात दिला.

"आता नाही लावणार," म्हणाले.

बाईंनी तो तुकडा पर्समध्ये टाकला. कशाला, कोण जाणे.

जाताना दाराशी म्हणाल्या, "मोठ्या दालनाचं काम मी आता देऊ शकत नाही. समिती मला खाईल. छोट्या मुलांचा कोपरा आहे, तिथे बसायला काही नाही, पोरं फरशीवर बसतात. या बुटक्या तिथे द्या. वर्षाने परत पाठवेन. सुटल्या तर मोठं दालन. नाही सुटल्या तर..."

"चहा," मी म्हटलं.

"चहासुद्धा नाही."

२५ फेब्रुवारी

दादाने फळीवाल्यांना फोन केला. मी दाराआडून ऐकलं. "एक वर्षाने बोलू," म्हणाला. मग ठेवून वहिनीला म्हणाला, "ओरड मला काय ओरडायचं ते." वहिनी म्हणाली, "ओरडले असते. पण मामंजी काल दोन वेळा जेवले." एवढ्यावर विषय संपला. तिच्या घराचा विषय. मला तिच्यासमोर जायचा धीर होत नाही अजून.

३ मार्च

बाबा आठवडाभर खाली आले नाहीत. हात दुखतोय म्हणतात. मी आग्रह केला नाही. गमचा डबा दुरुस्तीच्या बाजूला उघड्यावरच आहे. मिस्त्री म्हणाले कुलपात ठेवू का. मी नाही म्हटलं. नंतर वाटलं, ठेवायला हवा होता की काय. दिवसातून चार वेळा त्या डब्याकडे बघते. विश्वास म्हणतात तो हा असेल तर फार दमवणारा आहे.

११ मार्च

शेवटच्या बुटक्या खुर्च्या आज जोडल्या. उद्या टेंपो येईल.

दुपारी बाबा उतरले. सगळे जेवायला निघाले होते. ते नेहमीसारखं म्हणाले, "तुम्ही जा." मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.  थांबावं की जावं? थांबले तर मी का थांबले ते त्यांना कळेल. गेले तर मला कळणार नाही.

"मी थांबते, भूक नाही," म्हटलं. खोटं, आणि त्यांना ते कळलं.

त्यांनी फडकं घेतलं, एकेक खुर्ची पुसली. मग एक खुर्ची जवळ ओढली, बैठकीवर हात टेकवून दाबून बघितली, चारी बाजूंनी हलवली. घट्ट होती. तेवढ्याने त्यांचं भागलं नाही. ती आडवी केली, लाकडी हातोडा घेतला आणि पाचरीवर उलट्या बाजूने हलकेच ठोकलं. पाचर घरंगळून जमिनीवर आली. त्यांनी पाय ओढला. पाय सहज त्यांच्या हातात आला.

तो पाय त्यांनी उजेडाला धरला. खाचेत डोकावले, बोट घालून फिरवलं. आत कोरडं, स्वच्छ लाकूड.

"चांगली सुटली," ते म्हणाले.

मग त्यांनी दुसरी जवळ घेतली.